अठरा जर्स्या

पहाटे 4.50

मंगळवार पेठेच्या कडेची ही गल्ली एवढी अरुंद, की समोरून सायकल आली तर आपण कुणाच्या तरी उंबऱ्यावर चढायचं. तिसऱ्या घराच्या माडीवर दिवा लागलाय. मामा दोरीवरच्या जर्स्या एकेक करून चाचपतायत. काखेत, गळपट्टीत, खालच्या शिवणीत.

"अकरा नंबर दमट हाय अजून," ते म्हणतात. जर्सी उलटी करून परत दोरीवर टाकतात. दमट जर्सी घातली की दुपारच्या उन्हात खाज सुटते. मग पोरगं बॉलकडं बघत नाही, पाठ खाजवत बसतं.

मामा कुणाचेच मामा नाहीत. गल्लीतल्या फुटबॉल संघाचं किट बावीस वर्षं सांभाळतात, म्हणून मामा. त्याआधी आठ हंगाम याच संघात लेफ्ट बॅक खेळले. गुडघा गेला आणि हातात पिशवी आली. पोटासाठी शिवाजी उद्यमनगरात लेथवर उभे राहतात.

"लिव्हा काय लिव्हायचं ते," त्यांनी मला आदल्या दिवशी सांगितलं होतं. "पण मंडळाचं नाव नको. मला याच गल्लीत ऱ्हायचंय."

पहाटे 5.30

आता मोजणी. अठरा जर्स्या, अठरा चड्ड्या, पायमोज्यांच्या अठरा जोड्या. गोलकीपरच्या दोन जर्स्या वेगळ्या रंगाच्या. समोरच्या संघाचा रंग सारखा निघाला तर म्हणून पांढरा दुसरा संच. घडी नंबराच्या क्रमानं, एक नंबर सगळ्यात वर. अंधाऱ्या खोलीत अठरा पोरं एकदम हात घालतात तेव्हा हा क्रमच कामाला येतो.

पिशवीची चेन दोन वर्षांपूर्वी तुटली. तिथं आता सेफ्टी पिना. बाजूच्या कप्प्यात सुई, काळा आणि निळा दोरा, कात्री, बुटाच्या नाड्या, चिकटपट्टी आणि मिठाची एक पुडी.

मीठ कशाला?

"रक्ताला," मामा म्हणतात. "रक्ताचा डाग गरम पाण्यात घातला की संपलं, शिजून बसतो. मीठ चोळायचं आन् गार पाण्यात टाकायचं. गवताचा डाग लिंबू-सोड्यानं जातो. चिखल वाळू द्यायचा, मग झटकायचा. वल्या चिखलाला ब्रश लावायचा न्हाई."

एक जर्सी साडेचारशे रुपयांची. पाठीवर नंबर, छातीवर मंडळाचं चिन्ह, त्याखाली वर्गणी देणाऱ्या दुकानदाराचं नाव. नाव छापलेलं आहे, विणलेलं नाही. म्हणून जर्सी कायम उलटी करून धुवायची. नाव फिकट झालं की दुकानदार पुढच्या वर्षी हात आखडतो, असा मामांचा अनुभव.

सकाळी 6.40

गंगावेशीतून दूध, कोपऱ्यावरच्या दुकानातून सहा अंडी. हे पाव्हण्यासाठी. पाव्हणा म्हणजे संघाचा नायजेरियन फॉरवर्ड. हंगामापुरता आलाय, मंडळानं भाड्यानं घेतलेल्या खोलीत राहतो. मामांना इंग्रजी येत नाही, त्याला मराठी. दार उघडतं.

"खाल्लं काय पाव्हणं?"

तो मान हलवतो. मामा अंडी देतात, त्याचे बूट उचलतात, सोल वाकवून बघतात. उजव्या बुटाचा चवडा सुटलाय. बूट काखेत मारून मामा खाली उतरतात. त्याच्या मापाचा बूट कोल्हापुरात सहज मिळत नाही. हा टिकवायलाच हवा.

सकाळी 8.05

उद्यमनगर. पत्र्याच्या शेडमधून लेथचे आवाज सुरू झालेत. वंगणाचा आणि तापलेल्या लोखंडाचा वास. मामा आत येऊन मालकासमोर उभे राहतात. आज संघाचा लीगमधला शेवटचा सामना, म्हणून येणार नाही, हे कालच सांगितलं होतं. तरी सकाळी तोंड दाखवून जायचं, ही त्यांची रीत.

मालक पाटाकडीलचे. कोल्हापुरात ओळख करून घेताना आधी पेठ विचारतात, मग संघ. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, शिवाजी, बालगोपाल, प्रॅक्टिस. निम्म्याहून अधिक नावांपुढं 'तालीम मंडळ' लागतं. कुस्तीच्या तालमींनीच इथं फुटबॉल अंगाखांद्यावर वाढवला. लाल मातीतल्या माणसांनी हिरवळीवरचा खेळ का उचलला, याची कारणं जो तो आपापली सांगतो. मला वाटतं, दोन्हीकडं पेठेची इज्जत पणाला लागते, एवढं एक कारण पुरेसं आहे.

"आज खाली गेलासा तर उद्यापासनं जादा पाळी," मालक हसत म्हणतात.

"बघू की," मामा म्हणतात.

खाडा पडला. साडेसहाशे गेले. हे पैसे मामा कुठल्याच वहीत लिहीत नाहीत.

सकाळी 9.00

पापाच्या तिकटीजवळ एका बोळाच्या तोंडाशी चप्पल दुरुस्तीवाला बसतो. समोर आरी, रापी, हातोडी, लोखंडी ठोकळा आणि डिंकाचा डबा. आजूबाजूला सगळी कोल्हापुरी चपलांची दुकानं आणि याच्या मांडीवर पाव्हण्याचा फुटबॉलचा बूट.

आधी जुना डिंक रापीनं खरवडतो. मग नवा लावून, फुंकर मारून दाबून धरतो. पण नुसत्या डिंकावर त्याचा विश्वास नाही. आरीनं भोकं पाडून नायलॉनच्या दोऱ्यानं कडेनं शिवत जातो. टाका ओढताना ओठ आत जातात. एका बुटाला पंचवीस मिनिटं. जोडीचे ऐंशी. मामांनी दोन जोड्या आणल्यात, पाव्हण्याची आणि गोलकीपरची. एकशे साठ.

"मोठ्या संघांची पण येतात काय?" मी विचारतो.

"त्यांची न्हाई येत," तो मान वर न करता सांगतो. "ते नवं घेतात. माझ्याकडं खालची येतात. एप्रिल आला की लई येतात."

एप्रिलपर्यंत सोल झिजतात, हे झालं एक. दुसरं म्हणजे, कोण वर राहतं आणि कोण खाली जातं याचा हिशेब याच दिवसांत लागतो.

सकाळी 10.10

बाजार. दोन डझन केळी, शंभर. दहा लिंबं, सत्तर. उन्हाळ्यात लिंबू सोन्याचं होतं. बर्फ साठ रुपयांचा, पोत्यात गुंडाळून मोपेडच्या पायापाशी. ग्लुकोजचा डबा पंच्याहत्तर. चिकटपट्टीची तीन रिळं, एकशे वीस. पाण्याचे दोन जार, ऐंशी. मोपेडमध्ये शंभराचं पेट्रोल. मंडळाच्या खजिनदारानं सकाळी हातावर सातशे ठेवलेत. मामा प्रत्येक खर्च खिशातल्या छोट्या वहीत लिहितात. पेन्सिल आहे, पेन नाही. घामानं शाई पसरते.

सकाळी 11.00

मिरजकर तिकटीजवळचा चहाचा गाडा. इथं पोरं आधीच जमलीत. हिशेब चाललाय.

हिशेब साधा आहे. संघाचे अकरा गुण. त्यांच्या खालच्या संघाचे दहा. दोघांचा आज शेवटचा सामना. आपला दीडला, त्यांचा चारला. जिंकलो तर चौदा, मग त्यांनी काहीही केलं तरी ते पुढं जात नाहीत. बरोबरी झाली तर बारा, मग चारचा सामना सुटेपर्यंत श्वास रोखून धरायचा. ते जिंकले तर तेरा. तळाला राहील तो वरिष्ठ गटातून 'ए' डिव्हिजनला.

वरिष्ठ गटात सोळा संघ. खाली 'ए', त्याखाली 'बी'. कोल्हापूर स्पोर्ट्‌स असोसिएशन 1940 ची, लीग तीच चालवते. शहरात तिला सगळे केएसए म्हणतात. एवढ्याशा शहरात लीगची अशी उतरंड, आणि प्रत्येक पायरीवर एकेका गल्लीचा जीव टांगलेला. 'व्यावसायिक' हा शब्द इथं मी कुणाच्या तोंडून ऐकला नाही. 'पैसे घेऊन खेळतो' म्हणतात. या संघात बरा खेळणाऱ्या पोराला हंगामाचे पंधरा-वीस हजार सुटतात. वरच्या संघांत लाखाची भाषा चालते, असं पोरं सांगतात. सांगताना आवाज आपोआप खाली येतो.

एक पोरगा मुंबईत आय-लीगमधल्या खालच्या गटाच्या एका संघाची निवड चाचणी देऊन आलाय. निवड झाली नाही. पण माहिती भरपूर आणलीय.

"आपलं लई सरळ हाय," तो सांगतो. "तळाला गेलास, खाली. तिकडं वर बघ. देशातली वरची लीग, आयएसएल, 2014 ला सुरू झाली. खालच्यांना दारच नव्हतं. 2023 ला पंजाब आय-लीग जिंकून वर गेला, म्हंजे नऊ वर्षांनी. 2024 ला मोहमेडन. त्या दोन्ही वर्षी वरनं खाली कोण आलं?"

"कोण?"

"कोणच न्हाई!"

हशा होतो. दुसरा एकजण मुंबईच्या केंकरे संघाची आठवण काढतो. 2022-23 च्या हंगामात केंकरे आय-लीगमधून खाली गेला. म्हणजे आय-लीगच्या मजल्यावर खाली जाणं खरं होतं, वरच्या मजल्यावर नव्हतं. मग 2025 ची गंमत निघते. आय-लीग कुणी जिंकली, हे मैदानावर ठरलंच नाही. अपात्र खेळाडू, नोंदणीचे कागद, अपिलं. अखिल भारतीय फुटबॉल महासंघानं चर्चिल ब्रदर्सला विजेता ठरवलं, करंडकही दिला. जुलैत स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या क्रीडा लवादानं निकाल फिरवला आणि विजेतेपद इंटर काशीला गेलं.

"आपल्यात तसं झालं तर?" कुणीतरी विचारतं.

"लोझानला जायला मोपेडचं पेट्रोल पुरंल काय मामा?"

मामा बशीतला चहा संपवतात. "अनिकेत जाधव आठवतोय न्हवं," ते म्हणतात. अनिकेत कोल्हापूरचा. 2017 ला सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला. त्यानंतर आय-लीगमध्ये इंडियन ॲरोजकडून. तो महासंघाचाच संघ, तरुण पोरांना सामन्यांची सवय व्हावी म्हणून उभा केलेला. त्याला खाली जायची भीती नव्हती. किती हरला तरी पुढच्या वर्षी तिथंच.

"आपल्याला तसली सवलत न्हाई," मामा म्हणतात आणि उठतात. "चला. बर्फ इतळायलाय."

दुपारी 12.00

मंडळाची खोली. भिंतीवर मारुतीची तसबीर, कोपऱ्यात मुदगलाची जोडी, बाकावर करंडक. पोरं एकेक करून येतायत. एकजण पेट्रोल पंपावरून, अंगावर अजून पंपाचा शर्ट. एकजण बारावीचा. एकजण सराफाकडं कामाला, त्याच्या बोटांना पॉलिशचा रंग. पाव्हणा सगळ्यात आधी येऊन भिंतीला टेकून बसलाय, कानात गाणी.

मामा खाली बसून घोटे बांधतात. चिकटपट्टी दातानं तोडतात. प्रत्येकाचा घोटा त्यांना पाठ. "तुझा डावा," असं म्हणून ते पाय मांडीवर ओढून घेतात. पोरगं उजवा सांगत असलं तरी डावाच बांधतात.

अठरापैकी सतरा आले. चौदा नंबर आला नाही. तो मोटारसायकलवरून जेवणाचे डबे पोचवतो. आठवड्यात एक खाडा झाला की जादाचे पैसे बुडतात. फोन लावला तर म्हणतो, दोन ऑर्डरी टाकून येतो. मामा काही बोलत नाहीत. चौदा नंबरची घडी परत पिशवीत, सगळ्यात वर.

दुपारी 12.45

शाहू स्टेडियम. पूर्वी इथं रावणेश्वराचं तळं होतं. ते बुजवून मैदान झालं. शेजारी साठमारी, जिथं कधीकाळी हत्तींच्या झुंजी व्हायच्या. पलीकडं खासबाग, कुस्त्यांचं. झुंजी बघायची सवय या भागाला जुनी आहे.

गेटवर पोलीस. पाण्याच्या बाटल्या आत न्यायला मनाई. मामांचे जार मात्र सोडतात, चेहरा ओळखीचा. गॅलरीत ऊन थेट डोक्यावर. तरी माणसं आलीत. डोक्यावर टॉवेल, कुणाच्या हातात छत्री. मोठ्या संघांचा सामना असता तर आत्ताच जागा मिळाली नसती. आज तळाचे दोन सामने. गर्दी कमी, पण आलेला प्रत्येक माणूस कुठल्या ना कुठल्या खेळाडूचा चुलता.

पंच बूट तपासतात, तळवे उलटे करून. अंगठ्या काढायला लावतात. सराफाकडच्या पोराच्या हातातला दोरा निघेना, मामांच्या कात्रीनं कापला.

दुपारी 1.30

शिट्टी.

मी बॉल बघत होतो. मामा बॉल बघत नव्हते. ते रेषेच्या बाहेर पिशवीपाशी उकिडवे बसून पाय बघत होते. कोण लंगडतंय, कुणाची नाडी सुटलीय, कोण मोजा खाली सोडतोय. नाडी सुटलेली दिसली की रेषेवरून हाक. सगळं आवाजावर.

पंचविसाव्या मिनिटाला गोल बसला. आपल्यावर. कॉर्नर आला, गोलकीपर पुढं धावला, बॉल त्याच्या मुठीवरून मागं. गॅलरीत एका बाजूला शिट्ट्या, एका बाजूला शांतता. मामांनी बर्फाचं पोतं उघडलं आणि लिंबं चिरायला घेतली. मध्यंतराला वीस मिनिटं होती. तरी चिरायला घेतली.

मध्यंतरात कोणी फार बोललं नाही. केळी, लिंबू-मीठ, ग्लुकोज. कर्णधार म्हणाला, "एक टाका रे. एकच टाका." पाव्हण्यानं बूट काढून शिवलेली कड बघितली आणि परत घातला.

दुसऱ्या हाफात दहाव्या मिनिटाला सहा नंबरच्या पोरानं हेडरसाठी उडी मारली, समोरच्याचं कोपर भुवईवर. रक्त. डोळ्यात, गालावर, जर्सीवर. नियम असा, की रक्त वाहत असेल तर बाहेर यायचं, थांबलं की पंचांच्या परवानगीनं परत आत. रक्ताळलेला कपडा चालत नाही. मामांनी बर्फ दाबला, पट्टी लावली, एका हातानं त्याची जर्सी डोक्यावरून ओढली आणि दुसऱ्या हातानं पिशवीतली सगळ्यात वरची घडी काढली. चौदा नंबर. पंचांना नंबर सांगितला. पोरगा आत पळाला. सगळं मिळून दीड मिनिट गेलं असेल.

मग मामांनी सहा नंबरची जर्सी मांडीवर पसरली, पुडी उघडली आणि रेषेवर बसूनच मीठ चोळायला लागले. अठ्ठ्याहत्तराव्या मिनिटाला पाव्हण्यानं बॉल छातीवर घेऊन, वळून, उजव्या पायानं जाळीत मारला तेव्हा ते मीठच चोळत होते. पोरं उड्या मारत अंगावर आली तेव्हा कुठं वर बघितलं.

"कुठल्या पायानं?" त्यांनी मला विचारलं.

"उजव्या."

"शिवलेला."

एक-एक. तिथंच संपलं.

दुपारी 3.25

एक गुण. बारा झाले. आता चारचा सामना. सगळे गॅलरीत जाऊन बसले, बघायला. चौदा नंबर घातलेल्या पोराची भुवई परत वाहायला लागली, म्हणून कर्णधार त्याला स्कूटरवरून दवाखान्यात घेऊन गेला. खरा चौदा नंबर सव्वातीनला पोचला. खांद्यावर डब्यांची मोठी चौकोनी पिशवी. स्कोअर विचारला आणि गॅलरीत जाऊन बसला.

मामा थांबले नाहीत. साडेचारला गल्लीत नळाला पाणी येतं, तासभर. आज धुतलं नाही तर परवापर्यंत घाम वाळून जर्स्या कडक होतात, आणि त्या वासावर मुंग्या येतात. पिशवी मोपेडच्या पुढं, रिकामे जार मागं. मी पाठीमागच्या सीटवर, जार मांडीवर घेऊन.

"बघायचं न्हाई होय मामा?"

"बघून काय त्येंचं गोल कमी हुत्यात?"

दुपारी 4.35

पाणी आलं. पहिली धार गढूळ, ती सोडून द्यायची. तीन बादल्या, एक घमेलं, एक दगड. मामा लुंगी गुडघ्यावर घेऊन बसले. वाईट गुडघा सरळ लांब ठेवून, चांगला मोडून.

पहिल्या बादलीत नुसतं पाणी. माती तिथं सोडवायची. दुसरीत पावडर, पण फेस कमी. फेस जास्त झाला की चौथी बादली लागते आणि तेवढं पाणी नसतं. तिसरीत खळबळणं. जर्सी उलटी. नंबरावरून हात नाही, पाठीमागून चोळायचं. चड्डीच्या बुडावर दगड. मोजे सगळ्यात शेवटी, कारण मोज्यांनी पाणी खराब होतं.

मी दोन जर्स्या पिळल्या. तिसऱ्याला मनगट बोलायला लागलं. मामांनी काढून घेतली. "तुमी नंबर मोडालाय," म्हणाले. पिळायची नसते, दाबायची असते. हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

सहा नंबरवरचा डाग निम्मा गेलाय. मामांनी परत मीठ लावून वेगळ्या तपेल्यात ठेवली.

मंडळाकडून त्यांना या सगळ्याचे हंगामाला सहा हजार मिळतात. किती धुणी झाली याचा हिशेब मी विचारला. त्यांनी बोटांवर मोजायचा प्रयत्न केला. लीग, मग चषकांच्या स्पर्धा, सरावाचे सामने. बोटं संपली. "असू दे," म्हणाले.

संध्याकाळी 5.50

फटाके.

मामांचा हात बादलीत थांबला. कोल्हापुरात निकाल ऐकायला फोन लागत नाही. फटाके कुठल्या अंगाला वाजतात, तेवढं कळलं की पुरतं. हे आमच्या गल्लीत वाजले नाहीत. पलीकडं वाजले. आधी सुटी माळ, मग लांब, सलग, थांबायचं नाव न घेणारी.

"जिंकली," मामा म्हणाले.

खालून मंडळाच्या बाकावर कुणीतरी काहीतरी आपटल्याचा आवाज आला. मामांनी शेवटचे मोजे खळबळले. पाण्याची धार बारीक होत होत बंद झाली. पाणी बरोबर वेळेत पुरलं.

संध्याकाळी 7.30

मंडळाच्या कट्ट्यावर तीसेक माणसं. कोच, खजिनदार, माजी खेळाडू, आणि कधीच न खेळलेले पण सगळ्यात मोठ्यानं बोलणारे. चूक कुणाची? गोलकीपरची. कोचची. पाव्हण्याला जानेवारीत बसवलं त्याची. ज्या सामन्यात चार खाल्ले, त्या सामन्याची. चौदा नंबरची, तो वेळेत आला असता तर. तो समोरच उभा होता. त्यानं मान खाली घातली नाही, आणि मला ते बरं वाटलं.

मग आवाज खाली आले. आता पैशाच्या गोष्टी. 'ए' डिव्हिजनला गॅलरी भरत नाही. दुकानदार जर्सीवर नाव घालायला तेवढेच देईल काय? पाव्हण्याची खोली सोडायची. आणि पुढच्या हंगामाच्या खेळाडू नोंदणीला वरचे संघ येऊन आपली तीन-चार पोरं उचलणार. सराफाकडच्या पोराला आजच दोन फोन आलेत, असं कोणीतरी म्हणालं. तो नाही म्हणाला. सगळ्यांना कळलं की आलेत.

मामा कट्ट्याच्या टोकाला बसले होते. त्यांना कुणी काही विचारलं नाही. थोड्या वेळानं उठून घरी गेले.

रात्री 9.40

माडीवर दोरी भरलीय. वाऱ्यानं जर्स्या एकमेकींवर आपटतायत. मामा मोजतात. एकदा, मग परत. सतरा.

खिशातून वही काढतात. बूट 160. केळी 100. लिंबं 70. बर्फ 60. ग्लुकोज 75. पट्टी 120. पाणी 80. पेट्रोल 100. बेरीज 765. मिळाले 700. पासष्ट रुपयांपुढं ते काही लिहीत नाहीत, नुसती रेघ ओढतात.

मग फोन लावतात.

"दवाखान्यातनं आलास? किती टाकं?"

पलीकडून उत्तर येतं.

"तीन? असू दे. जर्सी तुझ्याकडंच हाय न्हवं, चौदा नंबर? रक्त लागलंय?"

पलीकडून उत्तर येतं.

"आईला सांग, गरम पाण्यात घालू नको म्हणावं. मीठ लावून गार पाण्यात ठेव. आन् सकाळी आठच्या आत आणून दे. मला कामावर जायचंय."